न्यायाधीश कोण नेमतो, याच्याशी रेडिओच्या श्रोत्याचा काय संबंध?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : खासगी एफएमवर बातम्या का नसतात, आणि न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या वादाशी आपल्यासारख्या सामान्य श्रोत्याला काय देणेघेणे. मी अनेक वर्षांचा रेडिओश्रोता आहे, कायद्याचा अभ्यासक नव्हे. पण हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, असे माझे मत आहे.

खासगी एफएम केंद्राला वाहतूक, हवामान, खेळांचे सामने, परीक्षा, पाणीपुरवठा यांची माहिती देता येते, कारण सरकारी नियमांनुसार या बातम्या मानल्याच जात नाहीत. खऱ्या बातम्या हव्या असतील तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुढे प्रसारित करायचे, एवढीच मुभा आहे. म्हणजे चांदणी चौकात वाहने खोळंबली आहेत हे निवेदिका सांगू शकते; पण एखादा रस्ता वारंवार का खोदला जातो आणि त्याचे कंत्राट कोणाला मिळाले, हे तिला विचारता येत नाही. तीच बातमी वर्तमानपत्रात छापता येते आणि दूरचित्रवाणीवर दिवसभर दाखवता येते. रिक्षात, शेतात किंवा स्वयंपाकघरात काम करता करता ऐकणाऱ्या माणसालाच ती का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

या बंदीविरुद्ध दाद मागायची तर कोठे? परवाना सरकारच देते आणि नियमही सरकारच करते, त्यामुळे उरते ते न्यायालय. न्यायाधीश कोण आणि कसा होतो, हा प्रश्न श्रोत्याच्या दारात येतो तो इथे.

आणीबाणीचा काळ याचा सर्वांत ठळक दाखला आहे. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल सरकारच्या विरोधात गेला आणि लगेच शेलाट, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश करण्यात आले; तिघांनीही राजीनामे दिले. दोन वर्षांनी, २६ जून १९७५ च्या सकाळी, पंतप्रधानांनी आणीबाणीची घोषणा आकाशवाणीवरूनच केली. त्यानंतर रेडिओवर सरकारला मान्य असेल तेवढेच ऐकू येऊ लागले. किशोर कुमार यांची गाणीसुद्धा बंद झाली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. विरोधात उभे राहिलेले एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना जानेवारी १९७७ मध्ये डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले. बहुमताच्या बाजूने निकाल देणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड होते, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये; आणि तो निकाल २०१७ मध्ये चुकीचा ठरवणाऱ्या घटनापीठात त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड होते, हेही.

याचा अर्थ सरकारने नेमलेला प्रत्येक न्यायाधीश सरकारधार्जिणा असतो, असा मात्र नाही. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि माहिती मिळवणे हा ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांचा हक्क आहे, हे १९९५ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणहक्कांच्या खटल्यात सांगणाऱ्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आणि त्यांची नेमणूक १९८९ मध्ये, म्हणजे नेमणुकीत सरकारचा शब्द अखेरचा मानला जात होता त्या काळात झाली होती. माझा मुद्दा वेगळा आहे. निकाल देताना न्यायाधीशाला आपल्या बढतीची काळजी करावी लागते का, हे पाहायला हवे. खन्नांना डावलून सरकारने बाकीच्यांना जो संदेश दिला, तो कोणत्याही कलमात लिहावा लागला नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालानंतर नेमणुकांची सूत्रे न्यायवृंदाकडे, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाकडे गेली. त्याऐवजी आणलेला, नेमणुकांत सरकारलाही स्थान देणारा राष्ट्रीय न्यायिक नेमणूक आयोग २०१५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला. मला ते योग्य वाटते, कारण सरकार हाच सर्वांत मोठा पक्षकार असताना पंच निवडण्यात त्याचा वरचष्मा नसावा. तरीही न्यायवृंदाचे बंद दार मला पटत नाही, आणि शिफारस झालेली नावे सरकारने महिनोन्‌महिने दाबून ठेवणे तर त्याहून वाईट, कारण त्या नकाराला ना कारण द्यावे लागते ना सही करावी लागते.

आपल्याला खरोखर रस असेल तर न्यायवृंदाचे ठराव सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर वाचता येतात. ते २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागले. कोणते नाव कधी सुचवले गेले आणि नेमणुकीची अधिसूचना केव्हा निघाली, एवढ्या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. जिथे अंतर फार मोठे दिसेल, त्या न्यायाधीशाने आधी कोणाविरुद्ध निकाल दिले होते, तेही शोधा.