गोवा झालं. समुद्राकाठचं असं कोणतं शहर आहे जिथे गाडी न करता पायी फिरता येईल आणि खर्चही बेताचा होईल?

दोघं जण, तीन-चार दिवस, गाडी भाड्याने घ्यायची नाही, एवढं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर फोर्ट कोची, म्हणजे केरळातल्या कोची शहराचा जुना, समुद्राकाठचा भाग. भाऊ खाडीपलीकडच्या एर्नाकुलमला नोकरीला असल्याने माझं तिकडे जाणं-येणं असतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट मुक्कामाची. एर्नाकुलम स्टेशनजवळची लॉज स्वस्त दिसतात, तरी तिथे राहू नका. फोर्ट कोचीत चालायची वेळ म्हणजे सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि मग चारनंतर. मधे ऊन आणि दमटपणा जीव काढतो, त्या वेळी खोलीवर येऊन आडवं होता आलं पाहिजे. गल्ल्यागल्ल्यांतून लोकांनी राहत्या घरात होमस्टे काढलेत. साधी, पंख्याची खोली मागा. दोन-तीन रात्री राहणार म्हटलं की भाव उतरतो.

जायला नेत्रावती एक्सप्रेस बरी. कुर्ल्याहून सुटते, ठाणे-पनवेल करत कोकण रेल्वेने साधारण एका दिवसात एर्नाकुलम जंक्शनला पोचवते. पुण्याहून आठवड्यातून एकदा पूर्णा एक्सप्रेस आहे. स्टेशनवरून टॅक्सी करू नका. बोट जेट्टीवर जा, तिथून सरकारी बोट वीसेक मिनिटांत फोर्ट कोचीला उतरवते आणि तिकीट एका वडापावपेक्षा कमी. नवी वॉटर मेट्रोही आहे, गारेगार आणि थोडी महाग. मी मात्र साध्या बोटीच्याच बाजूची. खिडकीशी बसून अख्खं बंदर बघायला मिळतं.

किनाऱ्यावरची चिनी जाळी सगळेच बघतात, पण फोटो काढून लगेच निघू नका, दहा मिनिटं थांबा. मधल्या वाशावरून एक माणूस पाण्याच्या दिशेने चालत जातो आणि त्याच्या वजनाने ते अवाढव्य जाळं खाली बुडतं. वर घेताना बाकीचे दोर ओढतात, दोरांना बांधलेले मोठाले दगड खाली येतात आणि तोल साधला जातो. ‘या, ओढून बघा’ असं बोलावलं तर नंतर पैसे मागतात हे माहीत असू द्या. मनाने द्यायचे असतील तर जरूर द्या. पोहायला मात्र हा किनारा चांगला नाही. त्यासाठी चेराई बीच, समोरच्या वाइपिन बेटावर बोटीने जाऊन पुढे बस.

सेंट फ्रान्सिस चर्च चालत पाच-दहा मिनिटांवर. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि आधी इथे पुरला गेला. पुढे त्याचे अवशेष लिस्बनला नेले. आत छताला दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे अजून टांगलेले आहेत.

एक अख्खी सकाळ शेजारच्या जुन्या बाजारपेठेला, मट्टंचेरीला द्या, आणि बाजार रोडनेच चालत जा. दोनेक किलोमीटरचा रस्ता, एका अंगाला खाडीला पाठ करून उभी असलेली जुनी गोदामं, हातगाड्या, तांदळाची पोती, सुंठ-मिरीचा वास. शहराचा खरा धंदा इथे दिसतो. पुढे मट्टंचेरी राजवाडा, पोर्तुगीजांनी बांधलेला, डच पॅलेस म्हणून ओळखला जाणारा. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलंय, ते सावकाश बघा. शेजारीच 1568 चं ‘परदेशी सिनेगॉग’, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जमिनीला चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा. राजवाडा शुक्रवारी बंद आणि सिनेगॉग शनिवारी, शुक्रवारी दुपारनंतरही. म्हणून मट्टंचेरी या दोन वारांना ठेवू नका. रिक्षावाला अगदी थोड्या पैशांत सगळं फिरवतो म्हणाला तर तो कमिशनच्या दुकानांत नेणार, हे धरून चाला.

तिथूनच चेरळाईकडे वळा. पोर्तुगीजांच्या जाचामुळे सोळाव्या शतकात गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती, त्यांचं तिरुमल देवस्वम हे मोठं देऊळही इथलंच. मल्याळमच्या गर्दीत अचानक कोंकणी कानावर पडते. चार-साडेचारशे वर्षं त्यांनी ती घरात जपली, याचं मला फार अप्रूप आहे. आमच्या कुडाळकडच्या माणसाला त्यातलं बरंच कळतंसुद्धा.

खाणं प्रिन्सेस स्ट्रीटवर नको, तिथले दर परदेशी पाहुण्यांचे. आतल्या गल्लीत सकाळी पुट्टू (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला प्रकार) आणि काळ्या चण्यांची आमटी, दुपारी केळीच्या पानावरचं ‘मील्स’, संध्याकाळी चहाबरोबर पिकल्या केळ्याची भजी. मासे खात असाल तर बांगडा किंवा तारली मागा. करीमीनचं नाव मोठं आणि दामही तसाच.

एवढी काटकसर केल्यावर एका ठिकाणी हात सैल सोडा: कथकली. प्रयोगाच्या तासभर आधी जा, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोरच होते. तांदळाचं पीठ आणि चुन्याच्या लेपाने चेहऱ्याची कड उभी करतात. नट पापणीच्या आत एका रानवांग्याचं बी सारतो, त्याने डोळे लालभडक होतात. तिकीट काही शंभरांत जातं, पण सहलीतला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च तोच ठरेल.

तारखांचं म्हणाल तर नाताळ ते नववर्ष टाळा. 31 डिसेंबरच्या रात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचा, भलामोठा पुतळा जाळतात, गर्दी उसळते आणि खोल्यांचे भाव चढतात. जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी धरा, आणि नेत्रावतीचं आरक्षण सुरू होईल त्याच दिवशी करा. स्लीपर भराभर भरतो.