मेरीला कुणी विचारलं का?

प्रश्न : मी एम.ए. इंग्रजीला असलेली मुलगी आहे. माझं एका मैत्रिणीवर प्रेम आहे, तिचंही माझ्यावर. तिच्या घरी स्थळं बघायला लागलेत. प्रबंधासाठी दोन बायकांच्या प्रेमाची ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ ही कादंबरी वाचली आणि वाटलं, तिच्या नायिकेसारखं, स्टीफनसारखं करावं. ‘माझं दुसरीशी जमलंय’ असं खोटंच सांगावं, म्हणजे ती चिडून लग्नाला तयार होईल आणि सुखी होईल. माझं चुकतंय का?

उत्तर : हो, चुकतंय. शेवटची प्रकरणं पुन्हा वाच, या वेळी स्टीफनच्या प्रेयसीच्या, मेरीच्या बाजूने. स्टीफन मैत्रीण व्हॅलरीला खोट्यात सामील करून घेते, रात्र बाहेर काढते आणि घरी येऊन मेरीचं काळीज तोडते. मेरी बाहेर धावते, तिथे तिच्यावर प्रेम करणारा मार्टिन थांबलेलाच! या सगळ्या बेतात मेरीला कुणी काही विचारतं का? याला त्याग म्हणायचं असेल तर म्हण. मला ते तिचं आयुष्य परस्पर दुसऱ्याच्या पदरात टाकणं वाटतं.

तो शेवट असा का, हेही बघ. लेखिका रॅडक्लिफ हॉलला वाचकांची सहानुभूती हवी होती. नायिका सुखात नांदली असती तर कळवळा कुणाला आला असता? एवढं करूनही नोव्हेंबर 1928 मध्ये लंडनच्या बो स्ट्रीट कोर्टाने पुस्तक अश्लील ठरवून नष्ट करायला सांगितलं. बाजूने बोलायला आलेल्या लेखकांची साक्षही घेतली नाही. आणि अश्लील काय, तर त्या रात्री दोघी वेगळ्या झाल्या नाहीत, एवढंच एक मोघम वाक्य! स्वतः हॉल मात्र 1943 साली मरेपर्यंत तिच्या जोडीदारणीबरोबर, ऊना ट्रूब्रिजबरोबरच राहिली. नायिकेला दिलेला शेवट तिने स्वतःला लावून घेतला नाही.

उलट उदाहरण इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरचं. दोन पुरुषांच्या प्रेमाची ‘मॉरिस’ त्याने 1913-14 मध्येच लिहिली, पण शेवट सुखाचा, त्यामुळे छापायची सोय नाही. 1921 साली तो देवास संस्थानात पवार महाराजांचा खासगी सचिव होता, तेव्हाही ती अप्रकाशितच होती. आली 1971 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. म्हणून प्रबंधात प्रत्येक कादंबरीपुढे दोन सालं लिही, लेखनाचं आणि प्रकाशनाचं. वाचक आणि कोर्ट डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला शेवट आणि कपाटासाठी लिहिलेला शेवट एकाच मापाने मोजलास, तर प्रबंध फसेल. व्हर्जिनिया वूल्फची ‘ऑर्लँडो’ही घे, तिचा नायक मध्येच स्त्री होतो; ती 1928 चीच, पण कल्पनारम्यतेचा पडदा असल्यामुळे कोर्टातून सुटली.

आता घरचं. बघण्याचा कार्यक्रम ठरायच्या आत मैत्रिणीला सरळ विचार : तुला लग्न करायचंय का? नको असेल, तर तिने घरी आधी फक्त ‘आत्ता लग्न नको’ एवढंच सांगावं. त्यामागचं कारण लगेच सांगायची गरज नाही. दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या की घरचे पहिलीवर बोलतच नाहीत. मूळ गुणपत्रिका, आधार, बँकेचं पासबुक तिने स्वतःच्या ताब्यात ठेवावं, आणि नोकरीचे अर्ज आजपासून सुरू करावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालापासून तुमचं नातं गुन्हा नाही. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही, त्याच न्यायालयाच्या 2023 च्या निकालानंतरही नाही. तेव्हा भाडेकरार दोघींच्या नावांनी आणि बँकेतलं नामनिर्देशन एकमेकींच्या नावाने लेखी असू दे.