ट्रंक बाबांनीच उचलली होती

ताई, मी ३१ वर्षांची, लातूर जिल्ह्यातल्या एका गावची. २०१८ ते २०२४ अशी सहा वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास केला. दोनदा मुख्य परीक्षा दिली, त्यात एकदा मुलाखतीचा कॉल चार गुणांनी हुकला. मागच्या वर्षी राशीच्या, म्हणजे सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत बाबा पुण्याला आले आणि मला घरी घेऊन गेले. पौषात ते गेले. एप्रिलपासून एका शेतकरी उत्पादक कंपनीत सोयाबीन खरेदीचं काम करते. आता वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमतील. आई म्हणते, शेवटचं एकदा बसून बघ, बाबांची इच्छा होती. माझी सहा वर्षं वाया गेली का? पुन्हा बसू का? आणि लोकांना काय सांगू?

— एक वाचक

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चार पानांत पहिलं पान नुसतं हिशेबाचं आहे. महिन्याला आठ हजार, बहात्तर महिने, पाच लाख शहात्तर हजार. कॉट बेसिसची खोली, मेस, अभ्यासिकेची फी. त्या आकड्याखाली तू दोन रेघा ओढल्यास. त्या रेघा बघून मला फार वाईट वाटलं.

बाबा गेले तेव्हा तेरा दिवस घरात माणसांचा राबता होता. शेजारून पिठलं-भाकरी यायची, आत्या मुक्कामाला राहिली, तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस. परीक्षा सुटली तेव्हा कोण आलं होतं? कोणीच नाही. घरी पोचलीस आणि दुसऱ्या दिवशी राशीला उभी राहिलीस. पुढे दोन-तीन महिन्यांत बाबाच गेले. एवढ्या मोठ्या दुःखापुढे परीक्षेचं काय घेऊन बसायचं, असं म्हणून तू ते बाजूला सारलंस. पण सहा वर्षं ज्याच्यासाठी पहाटे उठलीस ते सुटल्याचंही दुःखच असतं गं. ते करायचं राहून गेलंय. आधी ते कर. आईजवळ रड, लाजू नकोस. रात्री तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही, असं लिहिलंयस. हे महिनोन्महिने चाललंय, तर टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर बोल. मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, कुठल्याही वेळी लावता येतो आणि मराठीत बोलता येतं.

वर्षं वाया गेली का? खोटा धीर देणार नाही. पहिली चार वर्षं तू जीव तोडून अभ्यास केलास, ती वाया गेली असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. शेवटच्या दोन वर्षांबद्दल मात्र तूच लिहिलंयस की अभ्यासिकेत ‘नुसती खुर्ची धरून’ बसायचीस, कारण गावी कोणत्या तोंडाने जायचं हा प्रश्न होता. हो, ती दोन वर्षं गेली. ती अभ्यासापायी गेली नाहीत, लाजेपायी गेली. आता श्राद्धाला कोण काय म्हणेल या धास्तीने आणखी एक वर्ष त्याच लाजेला देऊ नकोस, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

पुन्हा बसण्याचं म्हणशील तर खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादाही ३८ आहे, म्हणजे दार अजून सात वर्षं उघडं आहे, आणि तुझा जीव त्या उघड्या दारातच अडकलाय. पण २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, त्यांतल्या सात पेपरांचे १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. निबंध आहे, वैकल्पिक विषय आहे, पानंच्या पानं हाताने लिहायची आहेत. तू तयारी केलीस ती मुख्यतः चार पर्यायांतून उत्तर निवडण्याची. त्यामुळे ‘शेवटचं एकदा’ असं काही यात नाही. ही नव्याने दोन-तीन वर्षांची बोली आहे. ती तुला स्वतःला मनापासून हवी असेल तर जरूर बस, मीच पाठीशी उभी राहीन. पण ‘बाबांची इच्छा’ म्हणून नको.

कारण बाबांची शेवटची इच्छा तूच मला लिहून कळवली आहेस. निकाल लागल्यावर तू चार दिवस फोन उचलला नाहीस. पाचव्या दिवशी ते रात्रीच्या एसटीने निघून सकाळी खोलीच्या दारात उभे राहिले. निकालाचा शब्द काढला नाही. तुझी पत्र्याची ट्रंक सुतळीने बांधली, खांद्यावर घेतली आणि म्हणाले, ‘राशीला माणसं मिळंनात, चल.’ माणसं मिळत नव्हती हे खरंही असेल. पण सुगीचे दिवस सोडून बाप रात्रभर एसटीत बसून येतो, तो मजूर न्यायला येत नाही. हे आईला सांगितलंयस का? नसशील तर आजच सांग. तिला कदाचित ठाऊकच नसेल.

आता तुझ्या पत्राचं तिसरं पान. २०२५ च्या सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं, उरलं ते डागी. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, पण हवा, म्हणजे दाण्यातला ओलावा, बारा टक्क्यांच्या वर गेली की हमीभावाने माल घेता येत नाही. तू लिहिलंयस, एक म्हातारे शेतकरी सात कट्टे घेऊन आले, मीटरवर हवा १६ दाखवली, आणि ते काही न बोलता कट्ट्याचं तोंड पुन्हा शिवायला लागले. तू त्यांना थांबवलंस. कंपनीच्या ओट्यावर ताडपत्री अंथरलीस, माल पसरलास, दोन दिवस दर तासाला पायाने हलवलास. तिसऱ्या दिवशी हवा साडेअकरा आली. अख्ख्या पत्रात याच पानावर ‘मी हरले’ हा शब्द नाही. अक्षरसुद्धा मोकळं आहे. मी हे पान आमच्या घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. पुढे काय करायचं ते ठरवताना तू हेच पान समोर ठेवावंस असं मला वाटतं.

नातेवाइकांचं फार मनावर घेऊ नकोस. ‘सोडलंस का?’ असं काका विचारतील, तर ‘हो काका, सोडलं. आता कंपनीत खरेदी बघते,’ एवढं सांग आणि पुढच्या पानावर वाढायला जा. मामा स्थळं आणताहेत, त्यांना वर्ष सरल्यावर बोलू म्हणावं.

एक गोष्ट तू शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकलीस. चार वर्षं एका खोलीत राहिलेली मैत्रीण नायब तहसीलदार झाली. तिच्या गावात फ्लेक्स लागले, तू तिचे स्टेटस बंद केलेस, आणि बाबा गेल्यावर आलेल्या तिच्या मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाहीस. तुझ्यावर कशी वेळ होती हे तिला कळलं असणार, अभ्यासिकेत तीही बसली आहे. तिला फोन कर. लांबलचक माफी मागू नकोस. वर्षश्राद्धाची तारीख सांग आणि जेवायला ये म्हण. बाबा रोज रात्री नऊला फोन करायचे, तेव्हा ‘दोघी जेवलात का’ असंच विचारायचे ना?