हॅकर म्हणजे चोर का? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. परवा त्याने मोठ्या बहिणीचं इन्स्टाग्राम तिच्या नकळत उघडून दाखवलं आणि वर मलाच म्हणतो, "आई, हॅकर म्हणजे चोर नसतो." कौतुक करू की कानाखाली वाजवू कळेना. ही मुलं हे करतात तरी कशाला, पैशासाठी?

उत्तर : दोन्ही नको ताई, आधी उघडलं कसं ते विचारा. बहुतेक पासवर्ड ओळखला असणार, म्हणजे त्यात हॅकिंग कमी आणि बहिणीचा आळस जास्त. शब्दाबाबत मात्र पोरगं बरोबर बोलतंय. १९६० च्या आसपास अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात मॉडेल रेल्वेचा क्लब होता, तिथली मुलं वायरिंगमधल्या डोकेबाज करामतीला 'हॅक' म्हणायची. चोरीचा वास त्या शब्दाला नंतर लागला.

पैसा असतोच हो, पण सुरुवात बऱ्याचदा तिथून होत नाही. आधी "बघू तरी जमतंय का" ही खाज, मग मित्रांत भाव खायचा, आणि पैसा मागच्या दाराने शिरतो. २०१६ चं मिराय नावाच्या प्रोग्रामचं प्रकरण बघा. विशीच्या आसपासची तीन पोरं. इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांचा आणि राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड कोणी बदलतच नाही हे त्यांनी हेरलं, तसल्या साठेक युजरनेम-पासवर्डची यादी केली आणि प्रोग्रामला सोडलं दारं ठोठावत फिरायला. लाखो उपकरणं हाताखाली आली. आणि एवढी फौज कशाला, तर माइनक्राफ्ट गेमचे दुसऱ्यांचे सर्व्हर एकदम गर्दी करून पाडायला! हसू नका, ते सर्व्हर चालवण्यात चांगला पैसा होता, एकाचा बंद पडला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे. त्यातल्या दोघांची तर असल्या हल्ल्यांपासून वाचवणारी कंपनीच होती, म्हणजे आग आपणच लावायची आणि बंबही आपलाच. मग कोड सगळ्यांसाठी नेटवर टाकला, तो दुसऱ्या कोणीतरी उचलला आणि ऑक्टोबरमध्ये ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास अडखळले. तिघांनी गुन्हा कबूल केला. एफबीआयला मदत केली म्हणून तुरुंग टळला पण प्रत्येकी २,५०० तास समाजसेवा लागली.

कॉम्प्युटरमधल्या फायलींना कुलूप लावून पैसे मागणाऱ्या खंडणीवाल्या टोळ्या हा वेगळाच मामला, तिथे खाजबिज काही नाही, सरळ नोकरी. २०२२ मध्ये कॉन्टी नावाच्या अशाच एका टोळीच्या आतल्या गप्पा फुटल्या, तर त्यात भरती, पगार, सुट्ट्या, अगदी ऑफिससारखं सगळं!

तुमच्या मुलाला बहिणीची माफी मागायला लावा आणि मग सीटीएफ नावाच्या स्पर्धांना बसवा, तिथे मुद्दाम फोडायलाच सिस्टिम बनवलेल्या असतात. पुढे बग बाउंटी आहे, कंपनीने परवानगी दिलीय तेवढ्यातली चूक शोधायची, कळवायची आणि बक्षीस घ्यायचं. डोकं तेच लागतं, फरक परवानगीचा.

प्रश्न : ज्याला कोडिंग येत नाही तो हॅकर होऊ शकतो का?

उत्तर : अर्धं काम तर गोड बोलूनच होतं. अमेरिकेतला गाजलेला हॅकर केव्हिन मिटनिक, त्याला कॉम्प्युटर उत्तम यायचा, तरी त्याचं आवडतं हत्यार फोन. आपण कंपनीतलाच माणूस आहोत, घाईत आहोत असं भासवायचं की समोरचा स्वतःहून माहिती देतो. १९९५ मध्ये पकडला गेला, पाचेक वर्षं आत होता. सुटल्यावर हेच उद्योग करून दाखवायचे कंपन्या त्याला पैसे द्यायच्या.