मुलगी हायस्कूलच्या क्रॉस कंट्री टीममध्ये नाव द्यायचं म्हणते, जाऊ द्यावं का?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागेना. मुलगी न्यू जर्सीत यंदा नववीत जाणार, तिला क्रॉस कंट्रीत, म्हणजे गवत-मातीच्या चढउतारावरून लांब पळायच्या टीममध्ये जायचंय, आणि तुमच्या मिस्टरांचं म्हणणं असं की जिथे येईल त्याला घेतात त्या टीमचा कॉलेजच्या अर्जाला काय उपयोग, वर अभ्यास बुडेल तो वेगळा. हेच वाक्य मी २०१६ साली माझ्या मोठ्या दिरांच्या तोंडून ऐकलंय. ते याच राज्यात, आमच्यापासून वीस मिनिटांवर राहतात.

जाऊ द्या. माझं उत्तर एवढंच आहे, बाकीचं राहवत नाही म्हणून लिहितेय.

मी माण तालुक्यातली. नववीत असताना पंधराशे मीटरला तालुक्यात पहिली येऊन साताऱ्याला जिल्ह्याला गेले होते, सलवार-कमीज घालून, अनवाणी. दहावीला वडिलांनी बंद केलं. मी पण वाद घातला नाही, कारण तेव्हा घरात असा वाद घालतात हेच माहीत नव्हतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या मोही गावची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची फायनल पळाली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एखादी भारतीय बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर एकटीच्या शर्यतीच्या फायनलला उभी होती. मी आणि लेक सोफ्यावर बसून बघत होतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आई, मी क्रॉस कंट्रीला नाव देते. मी फिजिकलचा, म्हणजे खेळायला तब्येत ठीक आहे असं डॉक्टरांनी लिहून द्यायचा फॉर्म घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले.

"येईल त्याला घेतात" हे खरं आहे, निदान आमच्या शाळेत तरी होतं. बास्केटबॉलला, सॉकरला चाचणी घेऊन निम्म्या मुलांना घरी पाठवतात. इथे रोज येऊन पळेल तो टीममध्ये. लोक हा या खेळाचा कमीपणा समजतात. मला विचाराल तर शाळेतली ही एकच जागा, जिथे तेरा-चौदा वर्षांच्या पोराला पहिल्या आठवड्यात कुणी "तू नको" म्हणत नाही. पण व्हर्सिटीची, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमची सात नावं घड्याळ ठरवतं, आणि घड्याळाकडे कुणाच्या बापाचा वशिला चालत नाही. माझी लेक नववीत शेवटून तिसरी होती. अकरावीत व्हर्सिटीत आली, सातातली सहावी.

आता सहावी म्हणजे काय, यावरच आमच्या घरात वाद झाला, म्हणून हिशेब सांगते. सात पळतात, गुण पहिल्या पाचांचे धरतात. जी जितक्या नंबरावर येईल तितके तिचे गुण, आणि ज्या टीमची बेरीज कमी ती जिंकते. सहावी-सातवीचे गुण बेरजेत येत नाहीत, पण त्या समोरच्या टीमच्या मुलीच्या पुढे आल्या तर तिचा नंबर मागे ढकलतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

२०१८ चा ऑक्टोबर. दोनच शाळांची मीट, म्हणजे स्पर्धा, काउंटीच्या एका पार्कमध्ये. रात्री पाऊस झालेला, गवतावर चिखल. तंबूपाशी पोरी एकीमागे एक रांगेत बसून एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. शर्यतीआधी त्यांची ती रीतच असते. एकीची वेणी सारखी सुटत होती म्हणून मी पुढे झाले. शाळेत असताना आई माझ्या घालायची तशी, कानशिलं ताणली जातील अशी घट्ट, रिबीन आतून गुंफून. मग एकेक करत पाच जणी माझ्यापुढे येऊन बसल्या. माझ्या बोटांना तीस वर्षांपूर्वीची गाठ बरोबर आठवली. त्या मुलींची नावं मला आजही पाठ आहेत.

पाच किलोमीटर. शेवटचा दोनशे मीटरचा भाग झाडीतून बाहेर येऊन किंचित चढावर होता, मी तिथे दोरीपाशी उभी. आमची एक सगळ्यांच्या पुढे आली, मग त्यांच्या दोघी, मग आमची. मी बोटांवर मोजत होते. आमच्या पाच जणी पहिली, चौथी, सहावी, आठवी, नववी. बेरीज २८. त्यांच्या चार जणी दुसरी, तिसरी, पाचवी, सातवी, म्हणजे १७. त्यांची पाचवी झाडीतून बाहेर आली, दहाव्या नंबरावर. १७ आणि १० म्हणजे २७. एका गुणाने हरलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात तिच्यामागे तीस-चाळीस पावलांवर लेक दिसली. गुडघ्यापासून पायापर्यंत चिखल, छातीवरचा नंबराचा बिब एका बाजूची पिन सुटून फडफडत होता. मी ओरडले, काय ओरडले आठवत नाही, पण मराठीत ओरडले, कारण शेजारची बाई वळून बघायला लागली. चढावर ती दुसरी मुलगी पावलं आखूड टाकायला लागली होती. लेकीने मान खाली घातली आणि हात जोरात हलवायला लागली. शेवटच्या दहा पावलांत गाठलं आणि पुढे गेली. शेवटच्या रेषेपलीकडच्या दोरीच्या गल्लीत घुसल्यावर एका बाईंनी तिच्या हातात आइसक्रीमची लाकडी काडी दिली, त्यावर पेनने १० लिहिलेलं. छोट्या मीटला नंबर असेच देतात.

म्हणजे त्यांची पाचवी अकरावी झाली. १७ आणि ११, २८. दोन्हीकडे अठ्ठावीस. आणि बरोबरी झाली की हायस्कूलच्या नियमाप्रमाणे दोन्ही टीमच्या सहाव्या मुलींचे नंबर बघतात. आमची सहावी त्यांच्या पाचवीच्याही पुढे होती. आम्ही जिंकलो.

महिन्याभराने दिवाळीच्या फराळाला दीर आले होते. मी हौसेने सगळं सांगितलं. ते चकली खात म्हणाले, "अगं, पण कागदावर तिचे गुण शून्यच ना? धरले तर पाचांचेच." सगळ्यांसमोर. लेक तिथेच बसली होती. ती उठून वर गेली. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आजवर मनात राहिलंय. भाऊजी, तिचे गुण धरले नसतील, पण ती नसती तर २८ विरुद्ध २७ होते, आणि बस घरी गप्प आली असती. तुमच्या ऑफिसात, तुमच्या मंडळात, आपल्या घरातसुद्धा अशी माणसं आहेत ज्यांचे गुण कुणी धरत नाही आणि ज्यांच्यामुळे बेरीज जमते. तुमच्या आईनं चाळीस वर्षं दुसरं काय केलं?

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते.

अभ्यास बुडत नाही, झोप बुडते. शाळा सुटली की दीड-दोन तास सराव, आठवड्यातून एक-दोन मीट, शनिवारची मोठी मीट असली तर पहाटे पिवळी बस. सगळं ऑगस्ट ते नोव्हेंबर. फोन रात्री दहाला बाहेरच्या खोलीत ठेवायचा नियम केलात तर मार्क कमी होत नाहीत. लेकीचे त्या तीन महिन्यांत उलट वाढायचे, कारण वाया घालवायला वेळच नसायचा.

कॉलेजचं म्हणाल तर धावण्यावर स्कॉलरशिप मिळेल अशी आशा ठेवू नका. होमडेल पार्कला राज्याच्या फायनलला एकदा जा, तिथला 'बोल' नावाचा खळगा उतरून पुन्हा चढून वर येणाऱ्या पहिल्या वीस मुली बघा, म्हणजे कळेल स्कॉलरशिप कुणाला मिळते. त्यासाठी पाठवायचं असेल तर पाठवूच नका.

एक गोष्ट मात्र आधीच लिहायला हवी होती. तुम्ही शाकाहारी असाल तर विशेष. दहावीत लेकीची वेळ दर मीटला वाढत गेली, जिना चढताना धाप लागायची. आम्हाला वाटलं कंटाळा आला, दिरांना वाटलं अभ्यासाचा ताण. हिमोग्लोबिन नॉर्मल आलं. डॉक्टरांनी फेरिटिन तपासलं तर तळाला गेलेलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाच संपत आलेला. लांब पळणाऱ्या मुलींमध्ये हे पुष्कळ दिसतं. गोळ्या चालू झाल्या, लिंबू-संत्र्याबरोबर, चहा-दुधाबरोबर नाही, आणि दोन-अडीच महिन्यांत पोरगी पुन्हा माणसात आली. फिजिकलच्या वेळीच फेरिटिन तपासून मागा. मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नका, जास्त लोहही घातक असतं. पाळी लांबली किंवा बंद झाली तर "पळते म्हणून असेल" असं म्हणून सोडू नका, लगेच दाखवा. आणि कुणी वजन कमी कर म्हणालं, कोच असला तरी, तर तुम्ही स्वतः जाऊन बोला. मीटच्या आदल्या रात्री पास्ता पार्टी असते, ती आपल्याकडे आली की पास्त्याबरोबर खजूर-शेंगदाण्याचे लाडू ठेवा. आमच्याकडचे चाळीस लाडू एका रात्रीत संपले होते.

बूट दुकानात जाऊन पायात घालूनच घ्या, अर्धा नंबर मोठे. खिळ्यांचे स्पाइक्स पहिल्या महिन्यात नकोत. जूनपासून आठवड्यातून चार दिवस, बोलता येईल इतक्या हळू पळू दे. थेट ऑगस्टच्या उन्हात सुरू केलं तर नडगी दुखणारच. फिजिकलचा फॉर्म जुलैमध्येच भरून ठेवा, त्याशिवाय पहिल्या दिवशी सरावाला उभं करत नाहीत.

ती काडी कोचने दुसऱ्या दिवशी लेकीला परत दिली. माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. तुमच्या मिस्टरांना पटत नसेल तर मला कळवा, फोटो पाठवते.