बोटीसाठी सेकंडहँड इंजिन आणि गेअर घेताना काय तपासावं?

तुमची हर्णैची छत्तीस फुटी फायबर बोट, लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन जाम झालंय. रत्नागिरीतला एक मालक मोठं इंजिन बसवणार म्हणून जुनं गेअरसकट (इंजिनाचे फेरे कमी करून पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, देणारी पेटी) देतोय, आणि 'टकाटक आहे' म्हणतोय. ते पडताळायचं कसं, असा तुमचा प्रश्न.

मी मिरकरवाड्यात बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. गिऱ्हाईक आलं की आधी हेड खोलून लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) बघायला मागतं. माझं मत उलटं आहे. हे मुळात ट्रकच्या घराण्यातलं इंजिन. पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंगं कुठल्याही शहरात मिळतात, बसवणारा फिटरही मिळतो. खिसा रिकामा करते ती खाऱ्या पाण्याची बाजू, म्हणजे समुद्राच्या पाण्याने इंजिन गार करणारे भाग, आणि गेअर. तुमचा वेळ तिथे घाला.

पण आधी एक गोष्ट. इंजिन त्याच्या बोटीत असतानाच बघा, म्हणजे मे महिन्यातच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढून शाकारल्या की तुम्हाला इंजिन जमिनीवर, बिनलोड वाजवून दाखवतील. बिनलोड सगळीच इंजिनं गोड वाजतात. पोचल्यावर गप्पा मारता मारता ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर तुमच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलंय. मग चहा घ्या, जेवा, थंड होऊ द्या आणि चालू करायला सांगा. तासांच्या मीटरवर जाऊ नका, तो बदलायला काय लागतं!

चालू झाल्यावर पहिला थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही निळा येत असेल तर इंजिन ऑइल खातंय. ऑइल भरायचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधून खाली गळणारा धूर, बघा. धूर भसाभस येत असेल तर रिंगा-लायनरचं काम आहे, तेवढे पैसे किमतीतून कापा. डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन घेता आलं तर उत्तमच. आकडा किती यापेक्षा सहाही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. एखादा पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर विचारा का.

आता गेअर. डिपस्टिक काढून ऑइल बोटांवर घ्या. दुधाळ असेल तर ऑइल कुलर फुटून पाणी आत गेलंय, जळका वास असेल तर क्लचच्या प्लेटी घसरतायत. वासावर भरवसा नसेल तर मोजा. बोट समुद्रात न्या, अर्धा तास लोडवर पळवा. मग पंख्याच्या शाफ्टला चमकणारी पट्टी चिकटवून टॅकोमीटरने (फेरे मोजायच्या यंत्राने) शाफ्टचे फेरे घ्या आणि त्याच वेळी इंजिनाचे. गेअरच्या प्लेटवर रिडक्शन ३ लिहिलंय, म्हणजे इंजिनाच्या तीन फेऱ्यांना शाफ्टचा एक, आणि इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर आहे, तर शाफ्ट ६०० हवा. ५६० दाखवला तर क्लच घसरतोय. या मोजणीपुढे विकणाऱ्याचं बोलणं चालत नाही.

हे रिडक्शन तुमच्या जुन्या गेअरशी जुळतं का, हे लोक विचारतच नाहीत. समजा तुमचा जुना गेअर ३ चा होता आणि हा २ चा आहे. त्याच १८०० वर तुमचा पंखा ६०० ऐवजी ९०० फिरायला बघणार. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते: दीडपट फेरे म्हणजे सव्वातीन पटीहून जास्त ताकद. तेवढी इंजिनात नसते. मग ते पूर्ण रेसला चढत नाही, काळा धूर ओकतं, तापतं, आणि दोष इंजिनावर येतो. लहान पंखा लावून भागतं खरं, पण जाळं ओढायला मोठा आणि हळू फिरणारा पंखाच बरा. बोट पुढे जाताना शाफ्ट कुठल्या बाजूला फिरतो तेही बघा. उलटा निघाला तर तुमचा पंखा वाया.

पाण्याच्या बाजूला पहिला प्रश्न: समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवलंय का? तसं असेल तर घेऊ नका, ब्लॉक आतून किती खाल्लाय ते बाहेरून कळत नाही. कुलर असेल, म्हणजे समुद्राचं पाणी फक्त नळ्यांतून फिरून इंजिनातलं गोडं पाणी गार करत असेल, तर सौदा ठरण्याआधी तो काढायला लावा. एक बाजू बंद करून हवा भरा आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर नळ्या गेल्या. झिंक (खारं पाणी कुलरऐवजी ज्याला खातं तो जस्ताचा तुकडा) कधी बदललं हे विचारा, 'कसलं झिंक?' असं उत्तर आलं तर पुढचं तुम्हीच समजा. एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडांवर गंजाचे ओघळ शोधा.

कपलिंग, फाउंडेशनचे पाय, पॅनल, वायरिंग सगळं सौद्यातच धरा, नंतर एकेक जमवताना जीव जातो. अलाइनमेंट, म्हणजे गेअर आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, मात्र बोट पाण्यात तरंगत असताना करा. वर ओढलेल्या बोटीचा आकार थोडा वेगळाच असतो. दोघांच्या जोडाच्या चकत्यांमधली (फ्लँजमधली) फट सगळीकडून फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजा; फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला हजारावा भाग इंच एवढाच फरक चालतो.

ब्लॉकवर पंच केलेला नंबर आणि त्याच्या बोटीच्या कागदांवरचा नंबर एक आहे का बघा, लेखी विक्रीपत्र घ्या. तुमच्या नोंदणीत नवं इंजिन मत्स्यव्यवसाय कार्यालयातून चढवून घ्यावं लागेल.

तुमच्या पंख्यावर कोरलेले दोन आकडे (व्यास आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर) आणि तुमच्या व त्याच्या, दोन्ही गेअरच्या प्लेटवरचं रिडक्शन इथे लिहा. हे इंजिन त्या पंख्याला चालेल की नाही, याचा अंदाज त्यावरून सांगता येईल.