सुतारकाम येतं, तर जुन्या पद्धतीचा छोटा पाइप ऑर्गन घरी बनवता येईल का?

हो, येतो. मी बनवलाय. ४५ पट्ट्यांचा, सगळ्या नळ्या लाकडी, वीज कुठेच नाही. जर्मनीत नोकरीला आले तेव्हा मी कधी रंधा हातात धरलेला नव्हता. इथे उत्तरेकडच्या एका गावात एक वयस्कर कारागीर ऑर्गन दुरुस्त करतात, त्यांच्याकडे दर शनिवारी जायला लागले आणि त्यांच्याच शेडमध्ये अडीच वर्षांत हा उभा राहिला. तुम्ही लिहिलंय की दारं-खिडक्या, कपाटं सगळं जमतं, सांधे पक्के येतात, "फक्त नळ्या कशा करायच्या तेवढं सांगा". नळ्यांचं सांगतेच, पण आधी वाऱ्याचं सांगणार आहे, कारण नळ्यांपायी रखडलेला ऑर्गन मी अजून पाहिला नाही आणि वाऱ्यापायी रखडलेले तीन पाहिलेत.

आधी एक स्पष्ट करते. आपल्याकडे संगीत नाटकात जो ऑर्गन वाजायचा तो पायाने भाता मारायचा, पण आत सूर पेटीसारखेच, म्हणजे पितळी रीड. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला वेगळी नळी, आणि बहुतेक नळ्या वाजतात शिट्टीसारख्या किंवा बासरीसारख्या, आत हलणारं काही नसतं. मुंबईला जाणं झालं तर फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे, तो बघा. पण चर्चमधला तो अजस्र प्रकार बघून घाबरू नका. छोटे ऑर्गन पूर्वीपासूनच होते. एक पोर्टेटिव्ह, मांडीवर घ्यायचा, एका हाताने वाजवायचं आणि दुसऱ्याने भाता, फ्लॉरेन्सला लांदिनी नावाच्या संगीतकाराच्या थडग्यावर तो असाच कोरलाय. दुसरा पॉझिटिव्ह, टेबलावर किंवा जमिनीवर ठेवायचा आणि भाता मारायला दुसरा माणूस. तुम्ही पॉझिटिव्हच करा. पोर्टेटिव्ह लहान म्हणून सोपा वाटतो पण एवढ्याशा भात्यातून वारा एकसारखा ठेवणं हे हाताला फार वर्षांनी जमतं.

आता वारा. पेटीत भाता जोरात मारला की आवाज मोठा होतो, सूर जवळपास जागेवर राहतो. नळीत तसं नाही, दाब वाढला की सूरच चढतो, दाब पडला की उतरतो, आणि फारच वाढला तर नळी उडी मारून भलताच सूर देते. म्हणून ऑर्गनच्या भात्यात माणूस वारा दाबत नाहीच. माणूस फक्त भात्याची वरची फळी पट्ट्याने उचलतो आणि सोडतो, मग फळीवर ठेवलेलं वजन सावकाश खाली येतं आणि ते वजन वारा ढकलतं, म्हणजे दाब माणसाच्या जोरावर नाही तर वजनावर ठरतो. असे दोन भाते लावायचे, पाचरीच्या आकाराचे, एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला उघडणारे, एक खाली येत असताना दुसरा उचलायचा, मध्ये कातड्याची एकतर्फी झडप. जर्मनीत भाते चालवणाऱ्या माणसाला कालकांट म्हणतात, आमच्या घरी ते काम माझा मुलगा करतो.

हिशोब सोपा आहे. छोट्या ऑर्गनला साधारण ५० मिलिमीटर पाण्याचा दाब पुरतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ५ ग्रॅम. भात्याची फळी ६० बाय ४० सेंटीमीटर असेल तर २४०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे १२ किलो, त्यात फळीचं स्वतःचं वजन धरायचं आणि वजन बरोबर फळीच्या मध्यावर ठेवायचं. जुने लोक दगड ठेवायचे, मीही दगडच ठेवलेत. दाब मोजायला महागडं काही लागत नाही, पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात वाकवायची, त्यात रंगीत पाणी घालायचं, एक टोक हवापेटीला (भात्यातला वारा जिच्यात येतो आणि जिच्यावर नळ्या उभ्या राहतात ती पेटी) जोडायचं आणि दोन बाजूंच्या पाण्यातला फरक पट्टीने मोजायचा. हे यंत्र सगळ्यात आधी बनवा.

भात्याच्या घड्यांना आणि झडपांना मऊ मेंढीचं कातडं, आणि चिकटवायला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. हे मी फार आग्रहाने सांगते. पांढऱ्या गोंदाने काम पटकन होतं, मीही हवापेटीची वरची फळी त्यानेच चिकटवली होती कारण कारागीर त्या शनिवारी नव्हते आणि मला घाई होती. हवापेटीत प्रत्येक पट्टीखाली एक झडप असते आणि झडपेवर एक अरुंद खोबण, ती वारा तिच्या नळीपर्यंत नेते. खोबण आणि खोबण यांच्यात फक्त लाकडाची बारीक भिंत. पहिल्या हिवाळ्यात हीटर सुरू झाले, हवा कोरडी पडली, लाकूड आकसलं आणि फळी दोन भिंतींवरून सुटली. दिसायला काहीच नाही. पण मी सा दाबला की शेजारची नळी अगदी बारीक, कुणीतरी दुसऱ्या खोलीत शीळ घातल्यासारखी कण्हायची. गोंद सुटेना म्हणून ती अख्खी फळी रंध्याने सोलून काढावी लागली, तीन शनिवार गेले, मी एकदा तिथेच बसून रडले. दुसऱ्यांदा सरसाने केली. सरस रात्रभर पाण्यात भिजवायचा, मग पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून साधारण ६० अंशांवर गरम करायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची ताकद जाते. पुढे कधी उघडायची वेळ आली तर ऊब आणि ओलावा दिला की सांधा सुटतो, म्हणून तर शेकडो वर्षांपूर्वीचे ऑर्गन आज दुरुस्त होतात. आणि कारागिरांनी तेव्हा मला एक जुनी रीत दाखवली: पातळ गरम सरस सगळ्या खोबणींत ओतायचा, हवापेटी चारही बाजूंना कलती करायची आणि उरलेला ओतून टाकायचा. लाकडाची बारीक छिद्रं, न दिसणाऱ्या चिरा सगळं त्याने बुजतं. तेव्हापासून माझी हवापेटी गळत नाही.

भाता आणि हवापेटी झाली, सगळ्या झडपा बंद ठेवून भाता उचलून सोडला आणि तो खूप वेळ घेत खाली आला, तरच पुढे जा. पटकन खाली आला तर गळती शोधा, ओला हात फिरवला की गार लागतं तिथे समजतं.

आता नळ्या. धातूच्या नळ्यांचा मोह होणार, मलाही झाला. कथील आणि शिशाचा रस लाकडी खोक्यात घेऊन तो लांब टेबलावरून सरसर ओढत नेतात, मागे पातळ पत्रा पसरत जातो, बघायला विलक्षण असतं. जुन्या उत्तर जर्मन पद्धतीत हा पत्रा वाळूवर ओतायचे, ते कसब विसरलं गेलं होतं, स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी ते प्रयोग करून परत उभं केलं आणि त्यातून तिथल्या एर्ग्रिटे चर्चचा ऑर्गन २००० साली वाजता झाला. पण शिसं विषारी आहे, घरात, मुलाबाळांत ते वितळवू नका, कृपा करून. आणि गरजही नाही. डेन्मार्कमधल्या फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्यात कॉम्पेनियस नावाच्या कारागिराने १६१० साली पूर्ण केलेला ऑर्गन आहे, त्यात १००१ नळ्या आहेत आणि सगळ्याच्या सगळ्या लाकडाच्या. सुतारासाठी याहून मोठा दिलासा काय हवा!

एक नळी करून बघा, बंद तोंडाची, म्हणजे वरून बूच लावलेली. बूच लावलं की निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो. पांढरी एकच्या मध्य सा साठी आतून रुंदी ३ सेंटीमीटर, खोली पावणेचार, लांबी ३३, बूच आत सरकवत सूर मिळवायचा, बुचाला कातडं गुंडाळा म्हणजे घट्ट बसेल. लाकूड जुनं, मुरलेलं घ्या, पाडलेल्या वाड्याचं सागवान मिळालं तर उत्तम. खाली वारा यायची फट अर्धा ते पाऊण मिलिमीटर, नळीच्या रुंदीभर एकसारखी, आणि तिच्यासमोर वरचा ओठ, आतून सपाट आणि बाहेरून पटाशीने उतरता केलेला. फटीपासून ओठापर्यंतची उंची सुरुवातीला ६ मिलिमीटरच ठेवा. जास्त कापलेलं परत येत नाही.

आता तोंडाने हळू फुंका. बहुतेक वेळा सा येणारच नाही, वरच्या सप्तकातला पंचम येईल. घाबरू नका, बंद नळीचा स्वभावच तो, ती उडी मारते ती तार पंचमावर. आता धारदार सुरीने ओठाची केसाएवढी कड काढा. फुंका. परत काढा. फुंका. अशा सात-आठ वेळा केल्यावर एका फुंकीला आधी पंचम डोकावेल आणि लगेच त्याच्याखालून सा वर येऊन बसेल, गोल, भरलेला, किंचित "त" असा उच्चार करून सुरू होणारा. तिथे थांबा. तो "त" राहू द्या, जुन्या ऑर्गनांचा गोडवा त्या सुरुवातीच्या उच्चारात असतो, अजून कापाल तर आवाज मऊ होईल पण नळी मुकी मुकी वाटायला लागेल. माझ्या पहिल्या नळीचा तो क्षण मला अजून आठवतो, शेडमध्ये गार होतं आणि कारागीर कोपऱ्यातून फक्त "हं" म्हणाले.

मग बाकीच्या. मी सगळ्यात खालच्या सप्तकातल्या चार काळ्या पट्ट्यांच्या नळ्या केल्याच नाहीत, जुन्या काळी असंच करायचे, सर्वात मोठ्या आणि महाग नळ्या वाचतात, म्हणून तर माझ्या पट्ट्या ४९ ऐवजी ४५ आहेत.

सूर लावताना एक गोष्ट तुम्हाला फार आवडेल. पेटीचा गंधार चढा असतो हे आपल्याकडे गाणाऱ्यांना माहीत असतं, शुद्ध गंधारापेक्षा जवळपास १४ सेंट वर (लगतच्या दोन स्वरांमधल्या, म्हणजे पांढरी आणि तिच्या शेजारची काळी यांच्यातल्या, अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). सोळाव्या-सतराव्या शतकातले ऑर्गन मीनटोन पद्धतीने लावायचे, त्यात पंचम जरा जरा उतरवतात आणि बदल्यात आठ ठिकाणी सा-ग अगदी शुद्ध मिळतो, तंबोऱ्यातून ऐकू येतो तसा. माझी आई इथे आली होती तेव्हा मी फक्त सा आणि ग धरून ठेवले, ती म्हणाली हा गंधार पेटीचा नाही. उरलेल्या ठिकाणी मात्र तो कर्कश होतो, तिथे वाजवायचं नाही.

हवामानाचं लक्षात ठेवा. तापमान १० अंश चढलं की सगळ्या नळ्या मिळून साधारण ३० सेंट वर जातात, आपसात फारसं बिघडत नाही, पण पेटीबरोबर वाजवणार असाल तर पंचाईत. पावसाळ्यात पट्ट्या आणि झडपा फुगून अडकतात, एखादी झडप बसत नाही आणि सूर आपोआप वाजत राहतो, त्यामुळे फटी उन्हाळ्याच्या मापाने नका ठेवू, श्रावणात लाकूड कसं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तर आधी यू नळी, मग एक भाता, मग ती एक नळी. ती वाजली की तिची फट आणि ओठ यांचा जवळून काढलेला फोटो पाठवा, ओठ अजून कापायचा की थांबायचं ते बघून सांगते.